क्योटोत आई-बाबांना होझुगावाच्या नावेत बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन क्योटोत तीन दिवस आहात, आईंचे गुडघे दुखतात, होझुगावा नदीतली दोन तासांची नावेची सफर त्यांना झेपेल का, आणि त्यासाठी अर्धा दिवस घालवावा का.

घालवा. मी नऊ वर्षं ओसाकाला राहते. त्या नावेत चारदा बसले आहे, त्यातली एक खेप माझ्या आईबरोबरची. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती आणि तिचेही गुडघे काही धड नव्हते. परत आल्यावर तिने शेजारणींना क्योटोच्या सोनेरी मंदिराबद्दल फार सांगितलं नाही, नावाड्यांबद्दल मात्र भरभरून सांगितलं.

नाव सुटते नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कामेओका गावाहून आणि पोचते क्योटोच्या पश्चिम कडेच्या आराशियामाला. अंतर साधारण १६ किलोमीटर. पाणी कसं आहे त्यावर वेळ ठरते, पण दोन तास धरून चाला. नदी एकच, नावं मात्र बदलत जातात. वरच्या घळीत होझु, आराशियामाजवळ ओई, पुढे कात्सुरा. नाव सपाट बुडाची, तिला इंजिन नाही. एक नावाडी पुढे बांबू घेऊन, एखाददुसरा वल्ह्यावर, एक मागे सुकाणूवर. पाणी वाढलेलं असेल तर माणसं वाढवतात. मध्ये शांत डोह येतात, तिथे वल्ह्याची करकर तेवढी ऐकू येते. मग एकदम उतार लागतो, नावेचं नाक खाली जातं, पुढच्या रांगेवर पाणी उडतं. पाणी येण्याआधी प्रवाशांना प्लास्टिकचा पडदा धरायला सांगतात. अंगावर काटा यावा इतपत गंमत आहे, पण हे राफ्टिंग नव्हे, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

आता मला खरं सांगायचंय ते. बहुतेक लोक या नावेत बसून डोंगर आणि फुलांचे फोटो काढत राहतात. तुम्ही खडकांकडे बघा. ही वाट निसर्गाने आयती दिलेली नाही, ती माणसांनी फोडून काढलेली आहे. फार पूर्वीपासून नदीच्या वरच्या अंगाच्या तांबा नावाच्या भागातल्या डोंगरांतलं लाकूड तराफे करून याच नदीतून खाली आणत. क्योटोच्या देवळांना आणि वाड्यांना ते लागायचं. पण धान्य भरलेली नाव या घळीतून जाणं अशक्य होतं. सुमिनोकुरा र्‍योई नावाच्या क्योटोच्या व्यापाऱ्याने पश्चिमेकडच्या मिमासाका प्रांतात उथळ पाण्यावर चालणाऱ्या सपाट बुडाच्या नावा पाहिल्या आणि इथेही हे जमेल असं त्याने मनावर घेतलं. १६०६ मध्ये काही महिन्यांत त्याने नदी मोकळी केली. मोठे धोंडे दोर लावून ओढून काढले. पाण्याखालचे खडक वरून जड लोखंडी पहार सोडून फोडले. पाण्यावर डोकं काढणारे आगीने तापवून फोडले. जिथे पात्र पसरट आणि उथळ होतं तिथे दगड रचून ते अरुंद केलं, म्हणजे पाणी एका जागी खोल होईल. मग तांदूळ, लाकूड, सरपण, कोळसा सगळं नावेने क्योटोकडे जाऊ लागलं. १८९९ मध्ये रेल्वे आली आणि मालाची ही वाहतूक हळूहळू आटली. प्रवासी फिरवणं मात्र त्याच्या थोडं आधीच, १८९५ च्या सुमारास, सुरू झालं होतं.

खाली आलेली नाव परत वर कशी न्यायची? आज ट्रकवर घालून नेतात. पण दुसरं महायुद्ध संपल्यावरही काही वर्षं नावाडीच काठाकाठाने चालत ती दोराने ओढून नेत. आईबरोबरच्या खेपेला एका नावाड्याने काठावरचा एक कातळ दाखवला. त्यावर बोटभर खोल, गुळगुळीत खाचा होत्या, एकीखाली एक. मला काही सांगायची गरजच पडली नाही. आई पटकन म्हणाली, "अगं, आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या दगडासारखं!" आजोळी विहिरीच्या कडेला पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा अगदी तशाच होत्या, लहानपणी मी त्यांत बोटं घालून बसायचे. इथे दोर नावेचे आणि खांदे माणसांचे.

त्याहूनही मला जास्त आवडतं ते बांबूचं भोक. उताराच्या तोंडाशी एका खडकात वाटीएवढी खळगी आहे. नाव तिथे आली की पुढचा नावाडी न बघितल्यासारखा बांबूचं टोक बरोबर त्या खळगीत टेकवतो, अंगाचा सगळा भार टाकतो आणि नाव खडकाला न घासता वळते. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येकाने त्याच जागी बांबू टेकला, म्हणून दगड झिजून ती खळगी झाली. एक पळभराचं काम असतं, त्यामुळे पुढच्या डाव्या-उजव्या कडेला जागा मिळाली तर घ्या. नावाड्यांना खाचा दाखवा म्हणून सांगितलंत तर ते आनंदाने दाखवतात. बोलणं बहुतेक जपानीत असतं, पण हातवारे समजतात.

आता आईंच्या गुडघ्यांचं. बसायच्या जागा बुटक्या असतात आणि दोन तास पाय फारसे लांब करता येत नाहीत. चढताना-उतरताना नाव थोडी हलते, नावाडी हात देतात. एक पातळ उशी किंवा घडी केलेली शाल सोबत ठेवा. नावेत स्वच्छतागृह नाही, कामेओकालाच जाऊन घ्या. खाली बसून उठणं त्यांना मुळीच जमत नसेल, तर मात्र हट्ट करू नका. अशा वेळी क्योटोच्या दक्षिणेकडच्या फुशिमीतली जिक्कोकुबुने नावाची होडी घ्यावी. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, जुन्या कारखान्यांमागून, विलोच्या झाडांखालून, जेमतेम पन्नास मिनिटांची संथ फेरी. तीही वसंतात फार गोड असते.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्यांना घेऊन जाताय म्हणून सांगते. मार्च २०२३ मध्ये इथे एक नाव उलटली आणि दोन नावाडी गेले. त्यानंतर फेऱ्या थांबवल्या होत्या, त्याच वर्षी जुलैत पुन्हा सुरू झाल्या. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच, आणि बाबा "राहू दे" म्हणाले तरी पट्टे तुम्ही स्वतः तपासून घ्या. पाणी वाढलं किंवा वारा जोराचा असला की फेऱ्या बंद ठेवतात. माझी एक खेप अशीच हुकली. रात्रभर पाऊस झाला होता, मी न विचारता कामेओकाला पोचले आणि लालसर गढूळ नदी बघून परत आले. त्या दिवशी सकाळी निघण्याआधी नाव चालू आहे का ते बघा. आणि नावेचा बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका, म्हणजे चुकला तर दुसरा दिवस हाताशी राहील.

जायचं कसं? क्योटो स्टेशनवरून जेआर रेल्वेच्या सागानो लाइनने कामेओका साधारण अर्धा तास, तिथून नावेचा धक्का चालत दहाएक मिनिटं. आईंना जास्त चालवायचं नसेल तर हे सगळ्यात सोपं. दुसरा मार्ग म्हणजे आराशियामाजवळच्या सागा स्टेशनवरून टोरोक्को रेल्वेने वर जायचं आणि नावेने खाली यायचं. ही गाडी घळीतल्या जुन्या रुळांवरून जाते. १९८९ मध्ये नवीन मार्ग बोगद्यांतून काढला तेव्हा ते रूळ पडून राहिले होते, १९९१ पासून त्यांवर ही छोटी गाडी चालते. आधी वरून नदी बघायची, मग तीच नदी पाण्यावरून बघायची, असा बेत बाबांना नक्की आवडेल. फक्त एप्रिलात तिकिटं महिनाभर आधी विक्रीला निघाली की लगेच घ्या.

आराशियामा जवळ आलं की खाण्याची एक होडी तुमच्या नावेला येऊन चिकटते. भाजलेलं स्क्विड, ओदेन, दांगो, गरम पेयं. आई-बाबा शाकाहारी असतील तर ओदेनला, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या पदार्थांना, हात लावू नका, त्याचा रस्सा माशाचा असतो. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, वरचा रस सोया सॉस आणि साखरेचा, तेवढे विचारून घ्या. आमच्या आईने डब्यातल्या दशम्या काढल्या होत्या आणि एक नावाड्याला दिली.

तोगेत्सुक्यो पुलाजवळ उतरल्यावर हॉटेलवर घाईने परतू नका. नदीच्या पलीकडच्या काठाने वर थोडं चाललं की डोंगरात सेन्कोजी नावाचं छोटं देऊळ आहे. नदी फोडताना जी माणसं मेली त्यांच्यासाठी र्‍योईने ते बांधलं. आत त्याची लाकडी मूर्ती आहे, दोराच्या वेटोळ्यावर बसलेली, हातात दगड फोडायची कुऱ्हाड. पायऱ्या दोनेकशे आहेत, म्हणून आईंना खाली नदीकाठी चहाच्या दुकानात बसवा आणि बाबांना घेऊन तुम्ही वर जाऊन या.