ते तीन बोय कुठे गेले?

«ताई, नाताळच्या सुट्टीत लातूरहून मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं आठवडाभर आमच्याकडे नेरूळला येणार आहेत. गेल्या वर्षीही आले होते. भाऊजी रोज पहाटे गळ घेऊन खाडीवर निघायचे, त्यांच्या खुडबुडीने सगळं घर जागं व्हायचं आणि चहाला मीच. एकदा बोय जातीचे तीन मासे घेऊन आले. खाडीचे म्हणून मी ते गुपचूप वॉचमनला देऊन टाकले आणि बाजारातली सुरमई तळून वाढली. एवढं करूनही कौतुकाचा शब्द नाही! उलट त्या दिवसापासून भाऊजी मान खाली घालून जेवायचे. यंदा मी सात दिवसांचं वेळापत्रकच केलंय, सोबत पाठवतेय. त्यात मासेमारी नाही. हे त्यांना न दुखवता कसं सांगू?
– दमलेली, नेरूळ»

वेळापत्रक पाहिलं. सोमवारी घारापुरी लिहिलीयस, सोमवारी लेणी बंद असतात. ऐरोलीची फ्लेमिंगोंची बोट रोज दहाची धरून चालू नकोस, ती भरतीच्या हिशोबाने सुटते, आपल्या नाश्त्याच्या नाही. एवढं दुरुस्त कर आणि तो कागद बाजूला ठेव. मला त्या तीन बोयांबद्दल बोलायचंय.

तू ते एका ओळीत उरकलंस, जसं काही दुधाचा हिशोब सांगतेयस.

अगं, बोय असतो वीतभर, निमुळता. सुरमईच्या पडतात गोल तुकड्या, मधोमध काटा. ज्याने सकाळी स्वतःच्या हाताने मासा गळावरून सोडवला, त्याला दुपारी ताटातली तुकडी ओळखायला कोळीवाड्यात जन्मावं लागत नाही. भाऊजींना पहिल्या घासालाच कळलं असणार. पण धाकट्या भावाच्या बायकोला, तिच्याच घरात, तिच्याच पंगतीला बसून, काय म्हणून विचारणार? खाली मान घालून जेवले. आणि तू कौतुकाची वाट बघत बसलीस!

2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावं लागलं, तिथला हा माणूस. दिवसातून दोनदा आपण होऊन चढणारं पाणी बघायला तो पहाटे उठतो, यात नवल कसलं? आपल्याला खाडी म्हणजे पाम बीच रोडवर गाडीची काच वर करायला लावणारा वास. त्यांना ती सुट्टी वाटते. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः घरात आणलेली गोष्ट म्हणजे ते तीन मासे, बाकी सगळं तुझंच होतं.

खाडीच्या पाण्याची भीती खोटी नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि आपल्या सगळ्यांचं सांडपाणी, कुठे जातं ते आपण जाणतोच. मुलांच्या ताटात ते मासे नकोत असं वाटलं तर बिनदिक्कत सांगायचं होतंस. पण मग वॉचमनला कसे दिलेस? तुझ्या मुलांना बाधतात ते त्याच्या मुलांना बाधत नाहीत? (याचं उत्तर मला कळवू नकोस. तुझं तुलाच दे.)

दमतेस हे खरं असेल. सात दिवस सहा-आठ माणसांचा स्वयंपाक काही गंमत नाही. पहाटेचा चहा जाऊबाईंवर सोपव, डबे कुठे आहेत ते दाखव, झालं. आणि रोज पहाटे घर जागं व्हायचंही कारण नाही, भाऊजींनी भरती बघून निघावं. कोळ्यांचा साधा हिशोब आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, आत खाडीत त्याहून जरा उशिरा. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे एकादशीच्या आसपास दोन-तीन दिवस ती पोहे खाऊन निघण्याच्या वेळेला येते. हा हिशोब भाऊजींना दे, कॅलेंडर घेऊन बसतील तासभर.

पण तो नंतर. आधी आज रात्री जेवणं झाली की त्यांना फोन कर. नवऱ्याकरवी नाही, जाऊबाईंकरवी नाही, तू. म्हण, ‘भाऊजी, गेल्या वर्षीचे तुमचे बोय मी देऊन टाकले होते. खाडीच्या पाण्याची भीती वाटली आणि तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. चुकलं माझं.’ सुरमई किती महाग होती ते सांगू नकोस. ‘पण’ हा शब्द काढू नकोस. मग विचार, यंदा गळ आणताय ना? खाडीचं खायचं नाही, पकडून सोडायचं, हे तेव्हाच ठरवून टाक. त्यांना सोडण्याचं वाईट वाटणार नाही, ते मासे काही पोट भरायला पकडत नव्हते.

ते हसले तर तूही हसशील. गप्प राहिले तर तूही गप्प राहा, फोन मात्र आधी ठेवू नकोस.