राहतं घर विकायला काढलंय. बघायला कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की एजंट रोज कोणालाही घेऊन वर येतो, घरात म्हातारी माणसं आहेत, आणि शेजारच्या काकू सांगतात, 'आपल्यातलीच पार्टी बघा, बाकीच्यांना दारातूनच वाटेला लावा.' पहिल्या दोन तक्रारींवर इथे बरेच जण सल्ले देतील. मला त्या काकूंबद्दल बोलायचंय, कारण आमच्या घरात त्या काकूंच्या जागी माझा सख्खा मोठा भाऊ होता.

पैशांचं आधी उरकते. फोनवरच विचारा: स्वतःचे किती आहेत, कर्ज किती काढणार? यात लाजण्यासारखं काही नाही. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही, ७५ लाखांच्या वर गेलं की ७५ टक्के, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी हे त्यात धरत नाहीत. म्हणजे ५० लाखांच्या घरासाठी ज्याच्याकडे स्वतःचे तेरा-चौदा लाख नाहीत, तो माणूस कितीही भला असला तरी आज तुमचं घर घेणार नाही. 'थोडे रोखीत देतो' म्हणणाऱ्याला जिनाही चढू देऊ नका. १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतलीत तर तेवढ्याच रकमेचा दंड, आणि तोही घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. राहिले आपल्याच सोसायटीतले 'मेहुण्यासाठी बघतोय' म्हणून येणारे. ते भाव काढायला येतात. आमच्या बी विंगमधले एक काका तर बाथरूमच्या टाइल्स बोटानं वाजवून बघत होते. मेहुणा शेवटपर्यंत दिसला नाही.

आता आमचं सांगते. घर डोंबिवली पूर्वेला, चौथा मजला, वन बीएचके, लिफ्ट नाही. बाबा गेल्यावर आई एकटी राहायची. गुडघ्यांमुळे तिला चार जिने होईनात, तेव्हा ती माझ्याकडे बदलापूरला येणार आणि घर विकायचं असं ठरलं. घर बाबांच्या नावावर, आई नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. वारस तिघं: आई, दादा आणि मी. दादा बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे कागदपत्रं आणि एजंट त्याच्याकडे. मी आधीच हक्कसोडपत्रावर, म्हणजे वारसातला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदावर, सही करून टाकावी असं त्याचं म्हणणं होतं, 'व्यवहार सुटसुटीत होईल' म्हणून. वहिनीनं तर पेनसुद्धा आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, पैसे कसेही वाटू, पण सही खरेदीखतावरच करीन. त्यावरून दिवाळी जरा गारच गेली.

बोर्ड लागून महिना होत आला तरी येणारी माणसं मोजकीच. डोंबिवलीत स्टेशनपासून चालत येण्याजोग्या घराला गिऱ्हाईक नाही असं होतच नाही. एका शनिवारी आईनं एजंटाला चहाला बसवलं आणि मी त्याला सरळ विचारलं. तो बिचारा कपाकडे बघत म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आहे हो. पण दादांनी आडनाव आधी विचारायला सांगितलंय." दोन पार्ट्या त्यानं खालच्या खालीच परत पाठवल्या होत्या. एक मुसलमान. दुसऱ्यांबद्दल त्यानं आवाज खाली आणला आणि "ते… जयंतीवाले," एवढंच म्हणाला. चौदा एप्रिलची जयंती, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या कुटुंबानं तोवर ठाकुर्लीला घर घेऊनही टाकलं होतं. पहिल्यांना सांगितलं होतं, 'घर गेलं.' बोर्ड खाली गेटवर लटकतोय आणि घर गेलं!

मी त्या पहिल्यांचा नंबर घेतला आणि स्वतः फोन केला. बाई मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात नर्स, नवरा एका कंपनीत स्टोअरकीपर. घर अजून आहे म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग हॉल किती बाय कितीचा हे न विचारता त्यांनी विचारलं ते असं: भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा कागद) आहे का, शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, कोणाच्या नावावर आहे, वडील गेले म्हणता तर सगळे वारस सही करायला तयार आहेत का. घर त्यांच्या एकटीच्या नावावर घ्यायचं होतं, कारण बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बँकेचं मंजुरीपत्र हातात होतं. खोट्या परवानग्यांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडायला सांगितल्या, तेव्हापासून इथलं शहाणं गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या आधी कागद बघतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. जो आधी कागद मागतो त्याला आधी बोलवा.

दादाला सांगितलं तर तो उखडला. "मला काही नाही गं, पण सोसायटीचा विचार करावा लागतो." हे 'मला काही नाही' मी जन्मभर ऐकत आले आहे. ज्याला काही नसतं तो आडनाव विचारत नाही.

आणि हे कोण बोलतंय? आम्ही मालवणकडचे. बाबा रेल्वेत होते. त्यांनी आधी घाटकोपरला जागा बघितली होती. पैसे जमले होते, जागा पसंत होती, आणि त्या इमारतीतल्या एकानं जिन्यातच विचारलं, "घरात मच्छी शिजते का?" बाबा हो म्हणाले आणि तिथेच विषय संपला. दादा तेव्हा सहावी-सातवीत असेल, बाबांचं बोट धरून गेला होता. मग आम्ही डोंबिवलीला आलो. हा किस्सा दादा दरवर्षी सांगतो, डोळ्यांत पाणी आणून सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त आग पाखडली ती यानंच. 'आपल्याच मुंबईत आपल्यालाच जागा नाही!' तोच माणूस दोन वर्षांत डोंबिवलीच्या एजंटाला आडनावं गाळायला बसवतो. मी हे बोलून दाखवल्यावर तो म्हणाला, "ते वेगळं, हे वेगळं." काय वेगळं, ते अजून सांगितलेलं नाही.

मग त्यानं कायदा काढला. २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाठवला, अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासद पारशीच असावा हा नियम ज्यात वैध ठरला तो. निकाल खरा आहे. पण त्या सोसायटीच्या उपविधींमध्येच, म्हणजे लेखी नियमांमध्येच, तसं लिहिलं होतं. आमच्या सोसायटीनं घेतलेत ते सरकारचे आदर्श उपविधी, त्यात कुठे जात-धर्म नाही. उलट महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज करून तीन महिन्यांत सोसायटीनं निर्णय कळवला नाही तर तो माणूस सभासद झाला असं मानलं जातं. आणि ज्या एनओसीचा, म्हणजे सोसायटीच्या ना हरकत पत्राचा, बाऊ करतात, ती हस्तांतराला लागतच नाही, असं त्याच उपविधींमध्ये लिहिलंय. हस्तांतरासाठी सोसायटी घेते तो प्रीमियमही पंचवीस हजारांच्या वर मागता येत नाही. सेक्रेटरी काकांना मी हे सगळं मोबाइलवर उघडून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, मी कुठे काय म्हणालो? तुझा भाऊच आला होता विचारायला." म्हणजे ज्या सोसायटीचा विचार करायचा होता, तिला आधी तो विचार करायला दादानंच शिकवलं होतं.

मी दादाला एवढंच सांगितलं की खरेदीखतावर माझी सही लागणार आहे, आणि आडनावं गाळून आणलेल्या पार्टीला ती मिळणार नाही. हक्कसोड न केल्याचा असाही उपयोग होतो. बायांनो, भाऊ कितीही गोड बोलला तरी व्यवहाराच्या आधी त्या कागदावर सही करू नका. भाऊ चांगला की वाईट हा मुद्दाच नाही. सही आपल्या हातात असेपर्यंत लोक आपलं ऐकून घेतात.

त्या बाई रविवारी सकाळी आल्या, नवरा आणि सासू बरोबर. आईनं सगळ्यांना चहा-पोहे केले आणि आम्ही जे जे लपवलं असतं ते सगळं सांगून टाकलं: संडासाच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, वरच्या गच्चीवर पोरं रात्री गाणी लावतात, दुपारी पाण्याला जोर नसतो. सासूबाई दुसऱ्या मजल्यापासूनच कठडा धरून चढल्या होत्या. वर आल्यावर अर्धा तास त्यांच्याच्यानं उठवेना. आई आणि त्या दोघी मिळून गुडघ्यांवर बोलत बसल्या, कुठलं तेल, कुठला डॉक्टर. घर त्यांना आवडलं, कागद पसंत पडले, पण लिफ्ट नाही म्हणून त्यांनी घेतलं नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून तसं सांगितलं. किती गिऱ्हाईकं 'नाही' सांगायला फोन करतात, तुम्हीच बघा.

दादा म्हणाला, "झाला ना वेळ फुकट?" मग त्याच्या पसंतीची पार्टी आली. आडनाव एकदम मनासारखं, गाव आमच्या गावापासून दहा किलोमीटर, वहिनीच्या माहेरची लांबची ओळखही निघाली. बोलणी झाली, इसार द्यायच्या दिवशी त्या गृहस्थांनी सांगितलं की पंधरा लाख रोखीत घ्या, मुद्रांक शुल्क वाचतं. दादा बँकेत आयुष्य काढलेला माणूस. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते तिथेच मोडलं. शेवटी घर घेतलं एका तरुण जोडप्यानं, ज्यांच्या आडनावावरून दादाला काहीच पत्ता लागेना. त्यानं मला दोनदा विचारलं, "कुठले असतील गं?" मी म्हटलं, नाशिकचे. ते नाशिकचेच होते, पण त्याला वेगळंच काही हवं होतं.

लोक खाली येऊन भांडायच्या आधी दोन-तीन गोष्टी लिहून टाकते. स्वतःचं घर कोणाला विकायचं हा मालकाचा प्रश्न आहे. तुम्ही अमक्याला दाखवलंच पाहिजे असं कायदा सरसकट तुमच्यावर लादत नाही; पण अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारायला १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याची मनाई आहे. मी सांगतेय ते माझं मत आहे. एनओसी उपविधींप्रमाणे लागत नसली तरी घेणाऱ्याची बँक कर्ज देताना सोसायटीचं पत्र मागते, तेव्हा कमिटीशी उगाच वैर घेऊ नका. आणि सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, ती मी उडवून लावत नाही. घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर एजंट स्वतः बरोबर आल्याशिवाय कोणालाच वर पाठवू नका, चावी एजंटाकडे ठेवू नका, गेटवर नाव-नंबर लिहून घ्या, कपाटाच्या खोलीत फोटो काढू देऊ नका. पण हे सगळ्यांनाच लागू करा, तुमच्या गावच्या माणसालाही.

दादा हे वाचेल. त्याला काय वेगळं आणि काय सारखं ते लिहायचं असेल तर खाली लिहावं, आईला फोन करून नव्हे.

आणि एजंटाला आजच मेसेज करून ठेवा की दुपारी एक ते चार कोणालाही आणायचं नाही. म्हातारी माणसं तेवढाच वेळ झोपतात.