वायदा उलटला तरी ओळ लाल होईना

प्रश्न : तासगावात आमचं खतं-औषधांचं दुकान आहे. बागायतदार छाटणीपासून माल उधार नेतात, बेदाण्याचा सौदा झाला की पैसे देतात. सासऱ्यांच्या वहीतली उधारी मी एक्सेलमध्ये घेतली. डी कॉलमला वायद्याची तारीख, ई ला पैसे जमा झाल्याची. वायदा उलटला की ओळ लाल व्हावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये =$डी२<टुडे() टाकलं, तर खालच्या रिकाम्या ओळी सगळ्या लाल, पैसे देऊन गेलेलेही लाल, आणि मार्चपासून थकलेले तिघं मात्र कोरेच्या कोरे. सासरे म्हणतात वहीच बरी.

उत्तर : ताई, वहीला इतक्यात जिंकू देऊ नका, फॉर्म्युला निम्मा तर बरोबरच आहे तुमचा. डी च्या आधी डॉलर लावलात हे चांगलं केलंत, तो नसता तर एक्सेल बी कॉलमच्या सेलसाठी ई बघत बसलं असतं आणि ओळीत कुठंतरी एखादाच ठिपका लाल दिसला असता.

रिकाम्या ओळींचं म्हणाल तर एक्सेलला तारीख म्हणजे नुसता आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथनं मोजत आलं की १५ मार्च २०२५ म्हणजे ४५७३१. रिकामा सेल तो शून्य धरतो, आणि शून्य आजच्यापेक्षा कमीच की, म्हणून लाल. जमा झालेल्यांचं तर तुम्ही त्याला विचारलंच नाही. म्हणून तिन्ही अटी एकत्र घाला : =अँड($डी२<>"",$डी२<टुडे(),$ई२=""). इथं देवनागरीत छापलंय, तुम्ही इंग्रजी अक्षरात टाका. आधी ए२ पासून सगळे कॉलम खालपर्यंत सिलेक्ट करा, मग होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि यादीतला शेवटचा फॉर्म्युलावाला पर्याय. सिलेक्शन ए१ पासून झालं आणि फॉर्म्युल्यात २ राहिला तर एकाची थकबाकी वरच्याच्या नावावर लाल होईल, गावात भांडणं लावाल. जुना रूल मॅनेज रूल्समध्ये जाऊन काढून टाका, नाहीतर तो आपलं रंगवणं चालूच ठेवतो.

आता ते कोरे तिघं. माझा अंदाज, वहीत असतं तसं तुम्ही १५.३.२०२५ असं टिंब देऊन टाकलंय. आपल्याकडच्या सेटिंगला एक्सेल ती तारीख धरत नाही, साधा मजकूर धरतो, आणि मजकूर त्याच्या लेखी कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा, म्हणजे त्या माणसाचा वायदा कधी उलटतच नाही. ओळखायला सोपं, अलाइनमेंटला हात लावला नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या. डी कॉलम सिलेक्ट करून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, दोनदा नेक्स्ट, डेटमध्ये डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष), फिनिश.

एक मात्र तपासाच. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल तर ५/३ टाकल्यावर ५ मार्च नाही, ३ मे होतो, आणि तो गपगुमान उजवीकडेच बसतो त्यामुळे वरच्या युक्तीत सापडत नाही. तारखेला डीडी-एमएमएम-वायवायवायवाय फॉरमॅट द्या, महिना अक्षरात दिसला की चूक लगेच कळते.

आणि गडद लाल नका घेऊ. सासऱ्यांना प्रिंट लागणार, काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर गडद लाल म्हणजे काळा पट्टा, त्यात ज्याचे पैसे राहिलेत त्याचंच नाव वाचता येत नाही. फिकट पिवळा बरा.

प्रश्न : कोरेगावजवळ दूध संकलन केंद्र आहे. गायीच्या दुधाची फॅट ३.५ च्या खाली गेली की सेल रंगतो, पण रंगलेले सेल मोजता येतात का?

उत्तर : मोजायला काऊंटइफ आहे, अटीत बसणारे सेल मोजणारा फॉर्म्युला, पण त्याला रंग दिसत नाही हो, आकडेच कळतात. म्हणून ज्या अटीवर रंग दिलाय तीच अट द्या, =काऊंटइफ(सी२:सी६१,"<३.५"), आकडे इंग्रजी. रिकामे सेल हा मोजत नाही, सकाळी न आलेला गवळी उगीच कमी फॅटमध्ये धरला जायचा नाही. नुसतं बघायचंच असेल तर फिल्टर लावून रंगावरनं गाळा, किती ओळी उरल्या ते खाली डाव्या कोपऱ्यात येतं.