एक गुणिले एक : टीका की अपमान?

प्रश्न : अभिनेते टेरेन्स हॉवर्ड यांच्या ‘१ × १ = २’ या दाव्याचे नील डिग्रास टायसन यांनी २०२४ साली जाहीर खंडन केले, तेव्हा अनेकांनी टायसन यांनाच गर्विष्ठ ठरवले. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते मुळीच नाही. हॉवर्ड यांनी आपला ३६ पानी प्रबंध स्वतःहून टायसन यांच्याकडे पाठवला होता आणि या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने तो बाजूला न टाकता बारकाईने वाचून, ठिकठिकाणी लाल अक्षरांत शेरे लिहून परत केला. वैज्ञानिक आपल्या सहकाऱ्याचे लेखन असेच तपासतात. डनिंग-क्रुगर परिणामाचा, म्हणजे एखाद्या विषयाचे अपुरे ज्ञान असलेल्याला आपल्याला तो उत्तम कळतो असे वाटण्याचा, त्यांनी केलेला उल्लेख चाहत्यांना बोचला, हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे गणित बदलत नाही. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद फरशी एक चौरस मीटरच जागा व्यापते. १ × १ = २ मानले, तर २ × १, म्हणजेच (१ + १) × १, याचे उत्तर ४ येईल आणि कोणतीही संख्या एकाने गुणताच दुप्पट होईल. नव्या कल्पनेला मोकळीक हवी, हा आक्षेपकांचा आग्रह मला मान्य आहे. परंतु कल्पना मांडणाऱ्याला तिच्यातली चूक नेमकी दाखवून देणे, हे मौनापेक्षा कितीतरी अधिक आदराचे आहे.