लिंबाची फोड

"लोकांच्या अपेक्षा डोक्यातून जातच नाहीत, काय करू?" सांगलीत मी समुपदेशन करते, तिथं माझ्याकडे हा प्रश्न सतत कुणी ना कुणी घेऊन येतं. उत्तर म्हणून तासगावकडच्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय २६. राज्यसेवेचे ३ प्रयत्न झालेले, दोनदा पूर्व निघाली, मुख्यला अडकली. वडिलांची द्राक्षबाग. "तुला स्वतःला काय हवंय?" असं विचारलं की ती रडायची. तिसऱ्या भेटीत मी तो प्रश्नच सोडून दिला.

आपल्याकडे हळदीला तोटा नाही. जाड कागदांना हळदीचं पाणी फासून वाळवलं. शेजारी चुन्याची निवळी, बारीक ब्रश आणि लिंबाच्या फोडी ठेवल्या. हळदीतलं कुर्क्युमिन हे रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतं, म्हणून निवळीनं लिहिलेलं अक्षर लालसर उमटतं. वर लिंबू टेकवलं की आम्लानं पुन्हा पिवळं. (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये.)

"आजवर ऐकलेली वाक्यं लिही. खाली बोलणाऱ्याचं नातं."

'भावकीला दाखवून दे.' 'लग्नाआधी पोस्ट काढ.' 'एवढा खर्च केलाय तुझ्यावर.' ११ कागद भरले. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन यांच्या कथनोपचार (नॅरेटिव्ह थेरपी) या समुपदेशनाच्या पद्धतीत समस्या अशीच माणसाबाहेर काढून ठेवतात. डोक्यात घोंगावणारं वाक्य टेबलावर आलं की त्याच्याकडे निदान बघता येतं.

काका, मावशी, शेजारी तिनं भराभर पुसले. 'अधिकारी हो'पाशी हात थांबला. खाली नातं लिहिलेलंच नव्हतं.

"हे कुणाचं?"

"पप्पांचं... पण मॅडम, पप्पा असं कधी बोललेच नाहीत. मीच धरून चाललेय."

तो कागद मी तिला पुसायला लावला नाही. पुसायची घाई करूच नये. एखादी अपेक्षा खरोखर आपलीही निघते, आणि ती शोधायला वेळ लागतो.

पुढच्या भेटीला वडील आले. मी त्यांच्यापुढेही कागद ठेवला. बराच वेळ ब्रश नुसता हातात. मग सावकाश लिहिलं, 'तालीम बंद. बाग बघ.' खाली, 'आमचे आबा.'

लेकीनं न बोलता लिंबाची फोड त्यांच्याकडे सरकवली.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "तुझा कागद दाव आधी."