फायली मुलांनी पुसल्या नसतील. आधी संगणक बंद करून पाहा

तुम्ही लिहिले आहे की चौथीचा वर्ग संगणक कक्षात प्राण्यांवरचा प्रकल्प करतो आहे, निम्मी तासिका पासवर्ड टाकण्यातच जाते, मुले नेटवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतात, आणि गेल्या आठवड्यात अर्ध्या वर्गाच्या फायली गायब झाल्या तेव्हा देखभाल विभागाने ‘मुलांनीच डिलीट केल्या असतील’ असे सांगितले. हेच उत्तर मला मिळालेले आहे, म्हणून लिहिते. माउस, फोल्डर वगैरे तुम्हाला सांगायला नको.

अनेक संगणक कक्षांत अशी प्रणाली बसवलेली असते, जी संगणक पुन्हा सुरू झाला की त्याला ठरवून दिलेल्या मूळ स्थितीत नेऊन ठेवते. व्हायरस, बदललेली सेटिंग्ज, नको ते प्रोग्राम हे सगळे त्यात निघून जाते आणि ही सोय आवश्यक आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पण डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले मुलांचे लिखाणही त्याच झटक्यात जाते, आणि ते शिक्षकांना सांगणे ही ज्यांची जबाबदारी होती, त्यांनी आम्हाला कधीही सांगितले नाही. पत्रे दिली, तर अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून परत आली. नमुन्यात दिली, तर ‘तक्रारीत तथ्य नाही’ असा शेरा मारून निकाली निघाली. अखेर प्रिंटर दुरुस्तीला आलेल्या एका तंत्रज्ञाने सहज बोलता बोलता कारण सांगितले, आणि अशा प्रणालीत एक ड्राइव्ह, म्हणजे साठवणीचा एक भाग, या पुसण्यातून वगळता येतो, हेही सांगितले. तोवर सत्र संपत आले होते.

नुकसान नेमके कशाचे झाले, ते सांगते. एका मुलीने गांडुळावर लिहिताना पहिले वाक्य बदलत बदलत ‘गांडुळाला डोळे नसतात, तरी त्याला उजेड कळतो’ इथवर आणले होते. फाइल गेल्यावर तिला पुन्हा लिहायला सांगितले, तेव्हा तिने ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे’ एवढे लिहून संगणक बंद केला. लिहिलेले दुरुस्त केले की ते सुधारते, हा विश्वास त्या वयात फार नाजूक असतो, आणि संगणकावर लिहायला शिकवण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण तोच विश्वास आहे; कागदावर सगळे पुन्हा उतरवून काढावे लागते, इथे तसे करावे लागत नाही.

म्हणून आधी एक चाचणी करा. मुले जिथे फाइल ठेवतात तिथे स्वतः एक फाइल ठेवा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि ती शोधा. तुमच्याकडची व्यवस्था वेगळी असू शकते. काही ठिकाणी पाहुण्या (गेस्ट) खात्यातून बाहेर पडताच सगळे पुसले जाते, तेव्हा तीही शक्यता तपासा. शाळेमार्फत मुलांची ऑनलाइन खाती असतील, तर लिखाण तिथेच ठेवणे उत्तम. मात्र वय वाढवून खाजगी खाती काढून देऊ नका. बहुतेक सेवांची किमान वयाची अट असते, आणि खोटी जन्मतारीख टाकायला शिक्षकांनीच शिकवणे मला मान्य नाही.

ऑनलाइन दस्तऐवजात आवृत्त्यांचा इतिहास राहतो, त्यामुळे एखादा परिच्छेद शब्दाशब्दाने वाढला की एकदम येऊन बसला, ते दिसते. त्याचा उपयोग मुलाला पकडण्यासाठी न करता त्याच्याशेजारी बसून बोलण्यासाठी करावा. मुळात ‘वाघाची माहिती लिहा’ असे सांगितले की तयार उत्तर उचलणे हीच सर्वांत सरळ वाट ठरते, म्हणून दोष प्रश्नाचा असतो. ‘डोळे नसताना गांडुळाला उजेड कसा कळतो?’ असे विचारले की मुलाला वाचावेच लागते. वाचून झाल्यावर पडदा बंद करायचा, चिठ्ठीवर चार-पाच शब्दांत टिपायचे, मागच्या बाजूला मजकूर कोणाचा ते लिहायचे, आणि टंकलेखन फक्त चिठ्ठ्यांवरून करायचे, हा क्रम मी मोडू देत नाही.

माहितीची पारख शिकवताना मोठ्या तपासणी-याद्या देऊ नयेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या २०१७ मधील अभ्यासात इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी अनेकदा संकेतस्थळाच्या रूपाला आणि बोधचिन्हाला भुलले, तर तथ्य-तपासनीस लगेच नवी टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत होते. चौथीसाठी यातून एकच सवय पुरते: हे लिहिणारा कोण, आणि त्याच्याबद्दल दुसरा कोण काय सांगतो?

टायपिंगच्या वेगाच्या स्पर्धांना माझा विरोध आहे. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांनी न बघता शोधणे, आणि आठवड्यातून एकदा तासभर बसवण्याऐवजी रोज थोडा सराव करणे, एवढे या वयात पुरे. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना, शिकवावी. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असल्याने मुलांच्या लवकर लक्षात राहते, आणि मराठी शब्दासाठी इंग्रजी स्पेलिंग जुळवत बसावे लागत नाही. पासवर्डसाठी प्रत्येकाचे कार्ड करून ते तुमच्याच कपाटात ठेवा.

विभागाशी यापुढे तोंडी बोलू नका. संगणक सुरू होताना कोणते ड्राइव्ह पुसले जातात, आणि मुलांचे लिखाण ठेवण्यासाठी कोणती जागा वगळली आहे, असे दोनच प्रश्न लेखी विचारा, प्रत मुख्याध्यापकांना द्या, आणि उत्तर येईपर्यंत प्रत्येक तासिकेच्या शेवटी सगळ्या फायली स्वतः पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.