सहा वर्षं लग्न न करता एकत्र राहिलो, आता वेगळं होतोय. दोघांच्या नावावरच्या फ्लॅटवर माझा हक्क राहतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं सहा वर्षं सांगलीत एकत्र राहताय, लग्न केलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी विश्रामबागेत ३८ लाखांचा फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला. तुम्ही दागिने मोडून साडेतीन लाख घातले, त्याने साडेचार, उरलेल्या ३० लाखांचं गृहकर्ज दोघांच्या नावे आहे. हप्ता त्याच्या पगारातून जातो. किराणा, लाइटबिल, गॅस, मुलीची बालवाडी हे सगळं तुम्ही बघता. मुलगी चार वर्षांची. आता तो म्हणतोय, पाच लाख घे, हक्कसोडपत्रावर सही कर, आपलं लग्नच नव्हतं तर कोर्टात तुला काय मिळणार?

मी सांगलीत वकिली करते, बहुतेक दिवाणी कामं. सगळ्यात आधी एवढंच सांगते, की इतक्यात सही करू नका.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. लग्न झालेलं असतं तर पोटगी, मुलीचा ताबा, दागिने, सगळं घटस्फोटाच्या प्रकरणासोबत कौटुंबिक वादांच्या एकाच कोर्टात मांडता आलं असतं. तुमच्याबाबतीत तसं एकच दार नाही. फ्लॅटला एक कायदा, कर्जाला दुसरा, मुलीला तिसरा, आणि दमदाटी होत असेल तर चौथा. पण फ्लॅटवरचा हक्क लग्नातून येतच नाही, तो खरेदीखतातून येतो. आपल्याकडे बायकोलाही नवऱ्याच्या नावावरच्या घराचा निम्मा हिस्सा आपोआप मिळत नाही. तुमचं नाव मात्र खरेदीखतात 'लिहून घेणार', म्हणजे खरेदीदार, म्हणून आहे. ते खरेदीखत काढा, नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा गोषवारा) घ्या. त्यात कुणाचा किती हिस्सा असं लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर बहुतेक वाद तिथेच संपतो.

लिहिलं नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ लागतं. दोघांनी आपापल्या पैशातून मिळकत घेतली असेल तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात हिस्सा. कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर दोघांचा समान हिस्सा धरायचा. म्हणून सराफाची मोडीची पावती, ते पैसे तुमच्या खात्यात आल्याची आणि तिथून बिल्डरकडे गेल्याची नोंद, हे तीन कागद तुमच्यासाठी फार मोलाचे आहेत.

आता पाच लाखांचा हिशोब करून बघू. समजा आज फ्लॅटला साडेशेहेचाळीस लाख येतात आणि कर्ज साडेसव्वीस लाख बाकी आहे. म्हणजे दोघांचे मिळून २० लाख त्या घरात आहेत. निम्मा हिस्सा धरला तर तुमचे १०. सुरुवातीच्या रकमेच्या प्रमाणात धरला, म्हणजे आठातले साडेतीन, तर पावणेनऊ. तो म्हणेल, मुद्दल मी फेडलं. ठीक, फेडलेलं साडेतीन लाख मुद्दल सगळं त्याच्या बाजूला टाका. तरीही साडेअकरातले साडेतीन तुमचे, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. व्याजही धर असं म्हणून तो अडून बसेल, तेव्हा तुमचा आकडा बराच खाली येईल. पण व्याज हा त्या घरात राहण्याचा खर्च आहे. तो मोजायचा तर पाच वर्षांचा किराणा, लाइटबिल आणि बालवाडीही मोजावीच लागेल. आणखी एक मुद्दा मी कोर्टात आग्रहाने मांडते. कर्ज दोघांनी घेतलं, फेडीची जबाबदारी दोघांवर होती, म्हणजे ते ३० लाख दोघांनी मिळून घातलेले पैसे आहेत. हप्ता कुणाच्या खात्यातून गेला हा तुमच्या दोघांतला आपसांतला हिशोब.

हाच हिशोब बायकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त कागदाबाहेर राहतो, आणि मला त्याची चीड येते. हप्ता एकाचा, घरखर्च दुसरीचा, अशी वाटणी घरोघरी असते. हप्त्याची नोंद बँक वर्षानुवर्षं जपून ठेवते. भाजी, दूध, औषधं, मुलीचे बूट यांची नोंद कुणी ठेवत नाही. फ्लॅट घेताना 'तू हप्ता भर, घराचं मी बघते' असे मेसेज झाले असतील तर ते शोधा. तो करार होता हे दाखवायला ते उपयोगी पडतात. ते असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. असे मेसेज कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते तुमचे वकील करून घेतील. यूपीआयचे आणि बँकेचे उतारे आजच डाउनलोड करा. जोडखातं असेल तर त्याचे आधी.

आता कर्ज, कारण सही करू नका म्हणण्यामागचं मोठं कारण हे आहे. हक्कसोडपत्राने तुमची मालकी जाते, कर्ज जात नाही. करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे बँक दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. तुम्ही वेगळ्या झालात याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. कुपवाडला एमआयडीसीत काम करणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिने जोडीदाराला हक्कसोड लिहून दिली, पैसे घेतले, गाव बदललं. पुढे त्याने हप्ते थकवले आणि सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस तिच्या आईच्या पत्त्यावर आली, कारण कर्जाच्या फाइलमध्ये तोच कायमचा पत्ता होता. नोटिशीवर पहिलं नाव त्याचं, दुसरं हिचं. घर हिचं राहिलं नव्हतं, थकबाकी मात्र हिचीही होती. सिबिल बिघडल्यामुळे तिला दुचाकीचं कर्जसुद्धा मिळेना.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बँकेने तुम्हाला सहकर्जदार म्हणून मोकळं करायचं. त्यासाठी बँक त्याचं एकट्याचं उत्पन्न तपासते. ते पुरलं नाही तर त्याने एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेत कर्ज वळवायचं. तुमचं नाव काढल्याचं लेखी पत्र हातात आलं की मगच हक्कसोड, आणि ठरलेली रक्कम त्याच दिवशी आरटीजीएसने किंवा डिमांड ड्राफ्टने. पत्राचा आणि रकमेचा उल्लेख दस्तातच करून घ्या. 'सध्या नोटरी करून घेऊ, रजिस्टर नंतर' असं तो म्हणाला तर तयार होऊ नका. नोटरीच्या कागदाने फ्लॅटवरचा हक्क सुटत नाही, पण तुमच्या सहीचा कागद उद्या तुमच्याच विरुद्ध दाखवता येतो. मुद्रांकाचंही त्याला सांगून ठेवा. नाममात्र मुद्रांकावर हक्कसोड होते ती वडिलोपार्जित मिळकतीत, जवळच्या नातलगांमध्ये. तुमच्या दस्ताला तुमच्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क भरावं लागेल. ते कुणी भरायचं हे आधी ठरवा, म्हणजे ऐनवेळी तुमच्या रकमेतून कापलं जाणार नाही.

बोलणी फिसकटली तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करता येतो. फ्लॅट मधोमध कापता येत नाही, म्हणून १८९३ चा वाटप कायदा आहे. निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्याने मागितलं तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं, आणि दुसऱ्याला तो हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीला विकत घेण्याची संधी असते. दावा वर्षानुवर्षं चालू शकतो हे खरं आहे. म्हणून मी समजुतीच्याच बाजूची आहे, पण समजूत बरोबर आकड्यावर व्हावी.

तो घराबाहेर काढायची धमकी देतोय असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. ते ओझरतं सोडू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ हा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं लग्नाच्या वयाची आणि लग्न करायला मोकळी असावीत, बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेली असावीत, चारचौघांत नवराबायकोसारखी वावरलेली असावीत. २०१३ च्या निकालात पैशांची एकत्र व्यवस्था, मूल, घरकामाची वाटणी याही गोष्टी बघायला सांगितल्या. सहा वर्षं, एक घर, एक मुलगी, हे सगळं तुमच्याकडे आहे. रेशनकार्ड, शाळेचा अर्ज, सोसायटीच्या नोंदी, मुलीच्या बारशाचे फोटो जपून ठेवा. या कायद्याखाली दंडाधिकारी तुम्हाला घरातून काढू नये असा आदेश देऊ शकतात, पैशांची मदतही देववू शकतात. मारहाण व्हायलाच हवी असं नाही, खर्चाचे पैसे अडवणं, घरातल्या वस्तू परस्पर विकणं हाही या कायद्यात हिंसाचारच. एक अडचण मात्र विचारून घ्या. त्याचं आधीचं लग्न कायद्याने मोडलेलं नसेल आणि ते तुम्हाला माहीत असेल, तर हा मार्ग अवघड होतो. २०१३ च्याच निकालात तसं म्हटलंय.

तुमच्या स्वतःच्या पोटगीवर फार भिस्त ठेवू नका. तुम्ही कमावत्या आहात, आणि लग्नाशिवायच्या पोटगीचा प्रश्न सोपा नाही.

मुलीचं वेगळं आहे. आईबापांचं लग्न झालं होतं की नाही याने तिच्या खर्चाच्या हक्काला काडीचाही फरक पडत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं, त्यातही हे स्पष्ट आहे. 'मी मुलीसाठी काही मागणार नाही' असं वाक्य समजुतीच्या कागदात घालायला तो सांगेल. ते घालू नका. मुलीचा हक्क आईने सोडून चालत नाही. तुम्ही हिंदू असाल तर १९५६ च्या पालकत्व कायद्यानुसार लग्नाबाहेर झालेल्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई असते, त्यामुळे 'पोरगी घेऊन जाईन' या धमकीने खचू नका. त्याला भेटीचा हक्क मागता येईल, आणि मुलीच्या भल्याचं असेल तर तो द्यावा असं मला वाटतं.

वारशाचं मात्र आत्ताच बघा. लग्नाचा कुठलाही विधी झालेला नसताना वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वारसा सिद्ध करणं कठीण असतं. दीर्घ सहवासावरून लग्न झालं असं गृहीत धरणारे निकाल आहेत, पण दोघंही लग्न नव्हतंच म्हणत असताना त्यांचा आधार तुटपुंजा पडतो. म्हणून समजुतीतच मुलीच्या नावे मुदतठेव मागा, आणि नुसत्या नॉमिनीवर थांबू नका. ठेवींत, शेअरमध्ये नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याला मृत्युपत्र करायला लावा. तुमच्या पॉलिसीवर, पीएफवर त्याचं नाव असेल तर या आठवड्यात बदला.

'पोलीस केस ठोक, आपोआप पैसे देईल' असं सांगणारे भेटतील. मारहाण, धमकी झाली असेल तर जरूर तक्रार करा. पैशांच्या वाटाघाटीसाठी खोटी तक्रार करू नका, त्याने तुमचा खरा दावा कमकुवत होतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोनवर १५१०० लावा. तुमच्यात समजूत होण्यासारखी असेल तर तिथेच दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगा. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्याने शब्द फिरवला तर अंमलबजावणी मागता येते. आणि पुढे कधी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, सांगलीची प्रकरणं तिथेच चालतात.

आज त्याला वाद न घालता एवढाच मेसेज करा: 'बँकेकडून कर्जाची आजची बाकी आणि माझं नाव कमी करायला तयार असल्याचं पत्र आण. फ्लॅटचं मूल्यांकन दोघं मिळून करून घेऊ. मग आकड्यावर बोलू.' त्याचं उत्तर आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा.